गुड रेटिंगच्या तीन छोट्या गाड्या आणि समोरून आलेल्या त्यांच्याच थोरल्या बहिणी

गेल्या महिन्यात एका मित्राने मला एका छोट्या गाडीच्या क्रॅश टेस्टचा फोटो पाठवला, खाली रेटिंग लिहिलेलं, सगळ्यात वरचं, आणि सोबत त्याचे दोनच शब्द, "आता बोल". आमचा वाद जुना आहे. त्याचं म्हणणं, रेटिंग म्हणजे रेटिंग, छोट्या गाडीला टॉप रेटिंग मिळालं की ती मोठ्या गाडीइतकीच सेफ, विषय संपला. माझं म्हणणं, विषय तिथे सुरू होतो. पण फोनवर दोन मिनिटांत काही समजावता येईना, शेवटी म्हटलं अमेरिकेतलं २००९ सालचं एक प्रकरण आहे तेच पहिल्यापासून लिहून काढू, कारण या वादाचा एवढा स्वच्छ प्रयोग नंतर कोणी केलेला मला तरी सापडला नाही.

आधी ते गुड रेटिंग आलं कुठून

अमेरिकेत इन्शुरन्स कंपन्यांच्या पैशावर चालणारी एक संस्था आहे, इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी, १९५९ पासूनची. नाव लांबलचक आहे म्हणून पुढे नुसतं इन्स्टिट्यूट म्हणतो. व्हर्जिनिया राज्यात रकर्सव्हिलला त्यांचं क्रॅश टेस्ट सेंटर आहे आणि तिथे हे लोक नव्या कोऱ्या गाड्या आणून आपटतात. ते स्टार देत नाहीत, चार शेरे देतात: गुड, अ‍ॅक्सेप्टेबल, मार्जिनल आणि पुअर.

त्या काळातली त्यांची मुख्य समोरची टेस्ट अशी होती: गाडी ताशी ४० मैलांनी, म्हणजे ६४ किलोमीटरने सोडायची आणि तिच्या रुंदीचा ड्रायव्हरकडचा ४० टक्के भाग एका बॅरिअरवर आपटायचा. बॅरिअरच्या तोंडाला अ‍ॅल्युमिनियमचा मधमाशांच्या पोळ्यासारखा ठोकळा असतो, तो चेपला जातो, समोरच्या गाडीचं नाक चेपावं तसा. आत सीटबेल्ट लावलेला डमी, साधारण मध्यम बांध्याच्या पुरुषाएवढा, अंगभर सेन्सर. डोकं, मान, छाती, पाय यांना किती मार बसला ते मोजायचं, गाडीची केबिन किती आत आली तेही मोजायचं, आणि मग शेरा.

या टेस्टमध्ये स्मार्ट फोर्टू, होंडा फिट आणि टोयोटा यारिस या तिन्ही छोट्या गाड्यांना गुड मिळालेलं होतं. हे खरंच कौतुकाचं होतं बरं का, यात कुठेही चिटिंग नव्हतं. स्मार्टचंच घ्या, जेमतेम दोन सीटची गाडी, बॉनेट असल्यासारखं दाखवायचं म्हणून ठेवलेलं, तरी तिच्या भोवतीचा तो स्टीलचा पिंजरा बॅरिअरसमोर टिकला. २००८ मध्ये पेट्रोल भडकलं होतं, लोक छोट्या गाड्यांकडे वळत होते, स्मार्ट अमेरिकेत त्याच वर्षी विकायला आली होती, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, छोटी आहे पण सेफ आहे.

मग बॅरिअर काढला आणि गाडी ठेवली

एप्रिल २००९ मध्ये इन्स्टिट्यूटने एक वेगळा प्रयोग जाहीर केला. बॅरिअरऐवजी समोरून दुसरी गाडी आणायची. स्पीड तोच, ६४, पण दोन्ही गाड्यांचा, आणि टक्कर तशीच ड्रायव्हरकडच्या कोपऱ्यावर, तिरपी नाही की काही नाही.

जोड्या निवडताना त्यांनी डोकं चालवलं. स्मार्टसमोर मर्सिडीज सी क्लास (तेव्हा दोन्ही एकाच घरच्या), फिटसमोर होंडा अकॉर्ड, यारिससमोर टोयोटा कॅमरी. म्हणजे कुठल्याही कंपनीला ओरडायला जागा नाही की दुसऱ्या कंपनीची गाडीच राक्षसी होती. आणि मुद्दाम मिडसाइझ सेडान घेतल्या, रस्त्यावर ढिगाने दिसतात तशा. अजस्र एसयूव्ही किंवा पिकअप आणली असती तर निकाल आधीच ठरलेला असता आणि लोक म्हणाले असते ही काय टेस्ट झाली.

निकाल असा लागला की तिन्ही छोट्या गाड्या पुअर. गुडवरून अ‍ॅक्सेप्टेबल नाही, मार्जिनल नाही, थेट तळाला.

स्मार्टचा व्हिडिओ बघितला की पोटात गोळा येतो. सी क्लासला धडकल्यावर ती जमिनीवरून उचलली गेली आणि हवेत ४५० अंशात फिरली, म्हणजे पूर्ण एक चक्कर आणि वर अजून पाव. त्या फिरण्यात आतला डमी इकडून तिकडे फेकला गेला. पण लोक ती गिरकीच लक्षात ठेवतात, खरं नुकसान त्याच्या आधीच झालं होतं: डॅशबोर्ड वर सरकून ड्रायव्हरच्या अंगावर आला, स्टीअरिंग जागेवरून उचललं गेलं, डोक्यापासून पायापर्यंत सगळीकडून केबिन आत आली, आणि डोक्याची आणि दोन्ही पायांची मापं पुअर. आणि सी क्लास? केबिनला जवळपास काही नाही, डमीची बहुतेक सगळी मापं गुडमध्ये.

फिटमध्ये एअरबॅग उघडली पण डमीचं डोकं त्या एअरबॅगसकट स्टीअरिंगवर आपटलं. उजव्या नडगीचं माप पुअर आलं आणि डाव्या पायाचा खालचा भाग आणि उजवी मांडी मार्जिनल, म्हणजे खऱ्या माणसाच्या पायांचं काही खरं नव्हतं. समोरच्या अकॉर्डमध्ये मात्र एक माप सोडलं तर सगळं गुड. यारिसचा तर दरवाजाच जवळजवळ फाटून निघाला, मानेवर आणि उजव्या पायावर जबरदस्त जोर आला, डमीच्या उजव्या गुडघ्याला खोल चीर पडली. कॅमरीमध्ये पण डोकं एअरबॅगमधून स्टीअरिंगला लागलं होतं, म्हणजे तिथेही सगळं आलबेल नव्हतं, पण डोक्याचं माप पुअर आलं ते फक्त यारिसमध्ये.

आता गंमत बघा. टेस्ट करणारी संस्था तीच होती, डमी त्याच जातीचे होते, आणि प्रत्येक गाडीचा स्वतःचा स्पीडही तोच. कंपनीने मधल्या काळात पत्रा पातळ केला नव्हता. बदललं फक्त समोरचं.

वजनाचा हिशोब, जो मी एका संध्याकाळी कागदावर केला

इथे थोडं गणित आहे, पण शाळेतलंच आहे, पळू नका.

स्मार्टचं वजन साधारण ८२० किलो आणि सी क्लास १६०० च्या थोडी वर, आपण १६२० धरू. दोन्ही ६४ ने समोरासमोर. धडकून दोन्ही एकमेकांत अडकल्या असं धरलं तर संवेग अक्षय्यतेच्या नियमाने दोघींचा मिळून वेग उरतो ताशी २१ किलोमीटर, आणि तो सी क्लास ज्या दिशेने चालली होती त्या दिशेने. म्हणजे सी क्लास ६४ वरून २१ वर आली, तिचा वेग ४३ ने बदलला. स्मार्ट ६४ ने पुढे चालली होती ती नुसती थांबली नाही तर उलटी २१ ने मागे ढकलली गेली, तिचा वेग बदलला ८५ ने. खऱ्या टेस्टमध्ये गाड्या अडकल्या नाहीत, स्मार्ट उडून फिरली, त्यामुळे हे आकडे तंतोतंत नाहीत, पण अंदाज येतो.

शरीराला मार बसतो तो या वेगातल्या बदलाचा. स्पीडोमीटरवर काय होतं त्याला तिथे फार किंमत नाही. दोन्ही ड्रायव्हर पोलिसाला सांगताना "मी ६४ ने चाललो होतो" असंच सांगणार, आणि दोघंही खरंच बोलत असणार, पण एकाला ४३ चा दणका बसला आणि दुसऱ्याला ८५ चा.

फिट ११३० किलोच्या आसपास आणि अकॉर्ड १५०० धरली तर फिटला ७३ आणि अकॉर्डला ५५ येतात. वजनात फरक कमी तसा दणक्यातही फरक कमी, पण तरी आहेच.

आता बॅरिअर टेस्टमध्ये काय होतं? बॅरिअर हलत नाही. गाडी ६४ वरून शून्यावर येते, मागे थोडी उसळते, तेवढंच. म्हणजे ८२० किलोची गाडी असो की १६२० ची, वेगातला बदल सारखाच, आणि प्रत्येकीला फक्त स्वतःच्याच वजनाची ऊर्जा जिरवायची असते. स्मार्टला साधारण १३० किलोज्यूल आणि सी क्लासला साधारण २५६. थोडक्यात बॅरिअर टेस्ट म्हणजे आपल्याच वजनाच्या, आपल्यासारख्याच गाडीशी टक्कर. स्मार्ट विरुद्ध स्मार्ट. त्यात ती गुड होती आणि अजूनही गुडच आहे, ते सर्टिफिकेट खोटं नाही, पण ते त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

चौथीतला पहिला आणि दहावीतला पहिला, दोघंही पहिलेच ना. पेपर वेगळे होते.

मला सगळ्यात जास्त चकवलं ते पुढच्या गोष्टीने. मला वाटायचं की दोन गाड्या १२८ च्या वेगाने एकमेकींजवळ येतायत म्हणजे बॅरिअरपेक्षा भयंकर जास्त ऊर्जा असणार. हिशोब केला तर उलटंच निघालं. दोन वेगवेगळ्या बॅरिअर टेस्टची बेरीज १३० अधिक २५६, म्हणजे ३८६ किलोज्यूल. आणि गाडी विरुद्ध गाडीमध्ये सुरुवातीला तेवढीच ३८६, पण शेवटी थोडा वेग शिल्लक राहतो म्हणून जिरवायची ऊर्जा ३४४ च्या आसपास. कमीच! म्हणजे प्रश्न एकूण किती आहे हा नव्हताच, कोणाच्या पत्र्याने किती जिरवायचं हा होता. वाटणीचं भांडण आहे हे.

आणि वाटणी करतो न्यूटनचा तिसरा नियम. दोन्ही गाड्यांच्या नाकावर एका क्षणाला बल सारखंच असतं, मोठी गाडी जास्त जोरात मारते आणि छोटी कमी असं नसतं. सारख्या बलाखाली जी आधी दबते ती दबत जाते. सी क्लासचं नाक २५६ जिरवायला बनवलेलं, त्यामुळे ते जास्त बलाला दबायला लागतं. स्मार्टचं नाक १३० साठी, आणि त्यातही जागा आखूड. स्मार्टचं नाक संपेपर्यंत सी क्लासच्या नाकाचा बराच भाग शिल्लक होता, आणि नाक संपलं की पुढे केबिन.

लांबीचं पण एक आहे, वजनापेक्षा वेगळं. ६४ वरून शून्यावर यायला ६० सेंटिमीटर मिळाले तर सरासरी २७ जी चा (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २७ पट) झटका बसतो, ८० सेंटिमीटर मिळाले तर २० जी. बॉनेट किती लांब आहे हा दिसण्याचा प्रश्न नाहीये. वजनाने आपला फायदा होतो तो समोरच्याच्या खर्चाने, पण चेपायच्या जागेची लांबी आपल्याला पण वाचवते आणि समोरच्याचंही काही बिघडवत नाही, हा फरक गाड्यांच्या चर्चेत नेहमी हरवतो, सगळे "वजन वजन" करत बसतात.

कंपन्या काय म्हणाल्या, आणि त्यात दम किती

कंपन्यांकडून जो बचाव आला त्याचा सूर असा: ही टक्कर अतिशय तीव्र आहे, खऱ्या रस्त्यावर अशी क्वचित होते. अर्धं खरं आहे. दोन्ही बाजूंनी ६४ आणि बरोबर समोरासमोर, असं रोज होत नाही, बहुतेक अपघात याच्या खालच्या वेगाचे असतात. पण माझा त्यावर साधा प्रश्न आहे, ज्या टेस्टमध्ये गुड मिळालं तिचा स्पीड पण ६४ च होता ना? तो स्पीड शाबासकी घेताना चालतो आणि नापास झाल्यावर अवास्तव होतो, हे काही पटत नाही. आपला तो बाब्या.

दुसरा बचाव जास्त ऐकू येतो, कंपन्यांपेक्षा छोट्या गाड्यांच्या चाहत्यांकडून: दोष छोट्या गाडीचा नाही, मोठ्या गाड्यांचा आहे, सगळ्यांनीच छोट्या गाड्या घेतल्या तर प्रश्न मिटेल. ऐकायला न्याय्य वाटतं. मला पण बरेच दिवस वाटायचं. पण त्यावेळी इन्स्टिट्यूटने जे आकडे सोबत दिले ते बघा. १ ते ३ वर्षं जुन्या गाड्यांमधले २००७ चे मृत्यू, एकाच गाडीच्या अपघातातले, म्हणजे झाड, खांब, कठडा, पलटी, समोर दुसरी गाडी नाहीच: दर १० लाख गाड्यांमागे मिनीकारमध्ये, म्हणजे सगळ्यात छोट्या गटातल्या गाड्यांमध्ये, ३५, खूप मोठ्या कारमध्ये ११. मिनीकारमधले जवळपास निम्मे मृत्यू अशा एकट्या अपघातांत होते. झाडाला काही आपण छोटं होऊन ये म्हणून सांगू शकत नाही. जड गाडी खांब वाकवते, झुडूप मोडून पुढे सरकते, थांबायला तिला थोडी जास्त जागा मिळते, हलकी गाडी जागच्या जागी थांबते. दोन किंवा जास्त गाड्यांच्या अपघातांतही मिनीकारमधला मृत्यूदर खूप मोठ्या कारच्या जवळजवळ दुप्पट होता.

तिसरा बचाव, छोटी गाडी पटकन वळते, त्यामुळे अपघात टळतो. इन्शुरन्सच्या क्लेममध्ये तसं काही दिसत नव्हतं, उलट चार दरवाजांच्या मिनीकारचे धडकेच्या नुकसानीचे क्लेम मिडसाइझपेक्षा जास्त वेळा येत होते. बहुतेक टकरींमध्ये वळायला वेळच नसतो, असा माझा अंदाज.

पण एकट्या वजनावर विश्वास ठेवला तर

इथे माझ्या मित्राची बाजू पण मांडायला हवी, नाहीतर लोक वाचून म्हणतील रेटिंग बघायचंच कशाला, नुसती जड गाडी घ्या.

त्याच २००९ सालात, सप्टेंबरमध्ये, त्याच इन्स्टिट्यूटने आपल्या पन्नाशीनिमित्त अजून एक टक्कर केली. १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मॅलिबू. स्पीड परत ४० मैल, टक्कर परत कोपऱ्यावर. बेल एअर म्हणजे लांबलचक, भरभक्कम, जुने लोक हात फिरवून "पूर्वीचा पत्रा" म्हणतात ना तो पत्रा. तिची केबिन पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी कोसळली, सीटबेल्ट नाही, एअरबॅग नाही, आतला ड्रायव्हर वाचणं अवघड होतं. मॅलिबूच्या ड्रायव्हरच्या पायाला थोडं लागलं असतं. इथे वजनाने काही बेल एअरला तारलं नाही, तारलं ते मॅलिबूला, तिच्या रचनेने. पुढचा भाग चेपायचा आणि केबिन शाबूत ठेवायची, ही जी अक्कल ५० वर्षांत आली ती रेटिंगच्या टेस्टमुळेही कंपन्यांच्या गळी उतरली.

म्हणजे सारख्या वजनाच्या दोन गाड्यांमध्ये रेटिंग तुम्हाला खरोखर सांगतं की कोणती घ्यावी. वेगळ्या वजनाच्या गाड्यांमध्ये सांगत नाही. आणि हे कोणी लपवून पण ठेवलेलं नाही, अमेरिकेची सरकारी संस्था जी स्टार देते तीच सांगते की समोरच्या टकरीचे स्टार फक्त २५० पौंडांच्या, म्हणजे ११३ किलोंच्या फरकातल्या गाड्यांमध्येच तुलना करायला वापरा. पण जाहिरातीत पाच स्टार केवढे मोठे असतात आणि ही ओळ कुठे असते ते तुम्हाला माहितीच आहे.

खऱ्या रस्त्यावरचे आकडे पुढेही तेच बोलत राहिले. इन्स्टिट्यूट मॉडेलनुसार ड्रायव्हर मृत्यूदर काढते. २०११ च्या मॉडेलसाठी सरासरी होती दर १० लाख नोंदणीकृत गाडी-वर्षांमागे (एक गाडी एक वर्ष रस्त्यावर म्हणजे एक गाडी-वर्ष) २८ मृत्यू. सगळ्यात वाईट तीन कोण? किआ रिओ १४९, निसान व्हर्सा सेडान १३०, ह्युंदाई अ‍ॅक्सेंट १२०. तिन्ही छोट्या. आणि नऊ मॉडेल अशी होती की ज्यांत एकही ड्रायव्हर मेला नाही, त्यात बऱ्याच एसयूव्ही, पण सुबारू लेगसी ही साधी मिडसाइझ कार पण होती.

एक सावधगिरी मात्र, हे मृत्यूदर नुसत्या गाडीचे नसतात, चालवणाऱ्याचे पण असतात. कोण चालवतो, कुठल्या रस्त्यावर, रात्री किती, बेल्ट लावतो का, वय काय, हे सगळं त्या आकड्यात मिसळलेलं आहे. म्हणून १४९ आणि १३० मध्ये फरक शोधत बसू नये. पण १४९ आणि २८ मधला फरक नुसत्या ड्रायव्हरच्या माथी मारता येत नाही, कारण रकर्सव्हिलच्या डमींना ना वय होतं ना रात्रीची झोप आली होती, आणि तरी निकाल त्याच दिशेला गेला.

नंतर काय बदललं

२०१२ मध्ये इन्स्टिट्यूटने अजून अवघड टेस्ट आणली, ४० टक्क्यांऐवजी फक्त २५ टक्के रुंदीवर धडक, म्हणजे चासीचे जे मुख्य दांडे ऊर्जा जिरवतात ते सरळ बाजूलाच राहतात आणि चाक आणि पिलरवर सगळं येतं. जानेवारी २०१४ मध्ये त्यांनी ११ मिनीकारची ही टेस्ट घेतली. गुड एकही नाही. अ‍ॅक्सेप्टेबल फक्त एक, शेव्हरोले स्पार्क. आपली फिट, जिच्यावर २००९ मध्ये पण बेतलं होतं, ती परत पुअर, डमीचं डोकं एअरबॅगला नुसतं घासून घसरलं आणि डॅशबोर्डवर आपटलं. पुढच्या नव्या फिटमध्ये होंडाने रचना बदलली, तरी पहिल्या फटक्यात मार्जिनलच आली, मग पुढच्या बंपरचा बीम बदलला आणि अ‍ॅक्सेप्टेबल झाली. मला यातली चिकाटी आवडली खरं सांगायचं तर. आणि स्पार्कचं कौतुक करताना पण इन्स्टिट्यूटने शेपूट जोडलंच होतं की ही हलकी गाडी आहे, तेच रेटिंग असलेली जड गाडी हिच्यापेक्षा जास्त वाचवेल.

दुसरी दुरुस्ती युरोपात झाली आणि ती मला जास्त मुद्द्याची वाटते. युरो एनकॅपने, म्हणजे तिकडे क्रॅश टेस्ट करून गाड्यांना स्टार देणाऱ्या संस्थेने, २०२० पासून समोरच्या ऑफसेट टेस्टमधला स्थिर बॅरिअर काढला आणि त्याजागी १४०० किलोची चाकांवरची ट्रॉली आणली, तोंडाला चेपणारा ठोकळा लावलेली. ट्रॉली ५० ने येते, गाडी ५० ने जाते, अर्धी रुंदी एकमेकांवर. आता हिशोब करा: ८२० किलोच्या गाडीला इथे ६३ चा दणका, ११०० किलोच्या गाडीला ५६, २००० किलोच्या गाडीला फक्त ४१. म्हणजे रेटिंगमध्येच वजन शिरलं, छोटीला अवघड पेपर, मोठीला सोपा, रस्त्यावर असतं तसं. पण मोठीला फुकट सोडलं नाही, टक्कर झाल्यावर ट्रॉलीचं तोंड कसं चेपलंय ते तपासतात, एखाद्या गाडीने दांडा घुसवून भोक पाडलं असेल तर तिचे गुण कापतात. समोरच्याचं काय झालं याचे पण मार्क. हे फार आधी व्हायला हवं होतं.

मित्राला शेवटी काय सांगितलं

त्याने हे सगळं ऐकून घेतलं, आणि त्याचा पुढचा प्रश्न माझ्या कुठल्याही मुद्द्यापेक्षा चांगला होता. तो म्हणाला ठीक आहे, पण मग मला मिळालेलं ते गुड कुठपर्यंत खरं धरायचं ते सांग.

मी परत कागद घेतला. बॅरिअर टेस्टने छोट्या गाडीला ६४ च्या आसपासचा दणका सोसायचं सर्टिफिकेट दिलंय. तर समोरच्या जड गाडीशी टक्कर झाल्यावर दणका ६४ च्या आसपास राहायला दोघांचा स्पीड किती हवा, एवढाच प्रश्न आहे. स्मार्ट विरुद्ध सी क्लास धरली तर दोन्ही ५० ने असल्या की स्मार्टला ६६ बसतो. बस, तिथे तिचं गुड संपलं. फिट विरुद्ध अकॉर्ड असेल तर दोघींचा स्पीड ५६ पर्यंत चालतो. तीच फिट दोन टनी एसयूव्हीसमोर आणली तर स्पीड परत ५० वर येतो. हा फक्त वेगाचा हिशोब आहे, नाकं एकमेकांच्या उंचीला आली का, कोपऱ्यावर किती लागलं, हे सगळं त्यात नाही, त्यामुळे यापेक्षा वाईट होऊ शकतं. २००९ मध्ये इन्स्टिट्यूटचंही म्हणणं होतं की पेट्रोलच वाचवायचं असेल तर गाड्या लहान करण्यापेक्षा स्पीड लिमिट खाली आणा, इंजिनची ताकद कमी करा, पेट्रोल पण वाचेल आणि माणसं पण, पण त्या रिपोर्टमधून लोकांच्या लक्षात राहिली ती फक्त गिरकी.

मित्र अजून छोट्याच गाड्या बघतोय, पण आता लिस्टमध्ये रेटिंगच्या शेजारी त्याने वजनाचा एक कॉलम टाकलाय, आणि १००० किलोच्या खालच्या सगळ्या ओळी खोडल्यात. रोजचा रस्ता दुभाजक नसलेला आहे आणि तिथे सगळेच ८० ने जातात, असं म्हणाला.